फक्की

उद्या साडेतीनला सांगलीची बस फाटकातून आत येईल.
आज माझ्याकडं दीड पोतं फक्की, सुतळीचा गुंडा, चार खुंट्या
आणि खिळ्यानं तळाला भोकं पाडलेला एक डालड्याचा डबा.

आपलं मैदान मुरमाचं.
रेल्वे क्वार्टर्सकडं जरासं उतरतं,
डोळ्याला दिसत नाही, चेंडूला कळतं.
त्यांच्याकडं हिरवळ आहे, पाण्याचे फवारे, पगारी कोच.
आपल्याकडं हा उतार.
इथं मारलेला पास दोन पावलं जास्त जातो
हे आपल्या पोरांच्या पोटऱ्यांना पाठ आहे.
एवढंच काय ते घरचं धन.

गोलपासून सुरू करतो.
इथं शमुवेल ढाले.
उंच आलेला चेंडू तो पेरू तोडावा तसा तोडतो.
उजव्या पायाशी, जमिनीलगत आलेला मात्र...
वाकायला त्याला एक श्वास जास्त लागतो.
मी कुणाला बोललो नाही.
मागच्या साली तिन्ही गोल तिथूनच गेले,
म्हणजे त्यांना सांगायची गरजही नाही.

चौदा पावलं टाकून पेनल्टीचा ठिपका.
अफताब मुजावर चेंडू ठेवतो आणि कीपरकडं बघून हसतो.
हसला की चुकतो.
सांगावं का त्याला?
सांगितलं आणि तो हसायचाच बंद झाला तर?

मध्ये खुंटी ठोकून सुतळी फिरवतो, वर्तुळ पुरं होतं.
सुमेध आवळेच्या मानेला मागं डोळे आहेत.
कुपवाडच्या फौंड्रीत रात्रपाळी करून येतो,
साठाव्या मिनिटाला त्याचे पाय झोपतात,
डोकं एकटंच खेळत राहतं.
उजवीकडं निहाल, सतारीच्या कारखान्यातला,
भोपळ्यांच्या राशीतून वाट काढत वाढलेला,
कशालाही धक्का न लावता निसटतो.
निसटल्यावर काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.

आणि डावी बाजू.

सन्मती मगदूमचा गुडघा गेला तेव्हापासून
डावी बाजू म्हणजे दार नसलेलं घर.
तिथं आता बिरुदेव कोळेकर, पहिल्या वर्षाचा, जतकडचा.
गेल्या जूनपर्यंत त्यानं फुटबॉल हातानं धरलेला होता, पायानं नाही.
पळतो असा की मेंढरं लाजावीत.
थांबायचं कुठं, ते कळत नाही.

“मिरजेला नुसत्या गाड्या थांबतात,
जिंकून कुणी उतरत नाही,”
हे ते बसमधूनच ओरडत येतात. दरसाल.
मीही ऐकलंय, अठ्ठ्याऐंशी साली,
ह्याच डाव्या बाजूला, ह्याच उतारावर.

म्हणून खुंटी उपटली.
हातभर आत ठोकली.
रेघ हातभर आत आली तर
बिरूला राखायला हातभर कमी.
पंच पुण्याचे, त्यांना काय कळतंय.
डबा हलवत हलवत चाललो, पांढरं पडत गेलं,
माझा हात थरथरला असेल तर तो वयानं.

अंधार पडताना बिरू आला, अनवाणी.
रोज येतो म्हणे, कुणी नसताना, ह्याच पट्ट्यात धावायला.
धावला. रेघेपाशी अडखळला.
परत गेला, परत आला, पावलं मोजली.
“काका,” म्हणाला, “माझी जागा कमी झालीया.”

जागा कमी झाली, म्हणाला.
काम कमी झालं, असं नाही.

मी पायानं रेघ पुसायला लागलो.
त्यानं न विचारता सुतळीचं दुसरं टोक धरलं,
ताणली, जिथं असायला पाहिजे तिथं बरोबर,
आणि तिथंच उभा राहिला.
थांबला.

फक्की पुरती जात नाही, मुरमात मुरते.
उद्या उन्हात दोन रेघा दिसतील,
एक ठळक, एक फिकट.
लाइनमनला एवढंच सांगायचंय :
बाहेरची बघ.